चोवीस चषकांचा हिशेब : मॉन्ट्रियल कॅनेडियन्सच्या मानसन्मानांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकाच्या क्रीडा-पानावर आम्ही चार ओळींची एक चौकट दिली होती. बर्फावरील व्यावसायिक हॉकीतला सर्वांत मानाचा स्टॅनली चषक कॅनडातील मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या संघाने सर्वाधिक, म्हणजे चोवीस वेळा जिंकला आहे, एवढाच मजकूर तीत होता. पुण्यात हॉकी म्हटले की अजूनही खडकी आणि बालेवाडीची मैदानेच डोळ्यांपुढे येतात. त्यामुळे या चौकटीवर फारशी पत्रे येतील असे आम्हांला वाटले नव्हते. मात्र मुले, जावई आणि नातवंडे कॅनडात असलेली घरे आता शहराच्या प्रत्येक भागात आहेत, आणि तिकडचे वाद दूरध्वनीवरून इकडे पोहोचतात, हे आलेल्या टपालावरून दिसले. पुष्कळ पत्रांतील प्रश्न सारखेच असल्याने त्यांतील सहा निवडले आहेत.

प्रश्न : आमची मुलगी टोरंटोला असते. आमचे जावई म्हणतात की मॉन्ट्रियलचे खरे चषक तेवीसच आहेत आणि चोवीस हा आकडा फुगवलेला आहे. आपला आकडा बरोबर की त्यांचा? (एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. या संघाने स्टॅनली चषक किती वेळा जिंकला, असे विचारले तर उत्तर चोवीस येते. नॅशनल हॉकी लीग या व्यावसायिक संघटनेचा सभासद म्हणून किती वेळा जिंकला, असे विचारले तर तेवीस.

स्टॅनली चषक हा लीगपेक्षा वयाने बराच मोठा आहे. कॅनडाचे तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांनी १८९२ साली तो देऊ केला. लंडनमध्ये दहा गिनींना घेतलेले ते चांदीचे एक साधे पात्र होते, आणि कॅनडातील सर्वोत्तम हौशी संघाने ते आपल्याकडे ठेवावे व आव्हान देणाऱ्या संघाशी खेळून राखावे, अशी मूळ कल्पना होती. १८९३ साली तो प्रथम ज्या संघाला मिळाला तोही मॉन्ट्रियलचाच होता. पण तो मॉन्ट्रियल हॉकी क्लब, कॅनेडियन्स नव्हे. कॅनेडियन्स संघाची स्थापना डिसेंबर १९०९मध्ये झाली. त्या वेळी तो नॅशनल हॉकी असोसिएशन या जुन्या संघटनेत खेळत असे. त्या संघटनेचा विजेता आणि पश्चिम किनाऱ्यावरील संघटनेचा विजेता यांच्यात चषकासाठी मालिका होई. १९१६ साली कॅनेडियन्सने पोर्टलंड रोझबड्स या संघाला पाच सामन्यांच्या मालिकेत ३-२ असे हरवून आपला पहिला चषक मिळवला. नॅशनल हॉकी लीग जन्माला आली ती त्यानंतर, नोव्हेंबर १९१७मध्ये, आणि चषक केवळ या लीगच्या संघांपुरता उरला तो तर १९२६-२७च्या हंगामापासून.

तेव्हा १९१६चा चषक वगळायचा असेल तर तो लीगच्या खात्यातून वगळावा; संघाच्या खात्यातून वगळण्याचे काही कारण दिसत नाही. संघ तोच, चषकही तोच. आपले जावई टोरंटोचे असल्याने एक गोष्ट अदबीने नमूद करावीशी वाटते : टोरंटोच्या संघाच्या नावावर तेरा चषक आहेत आणि त्यांतला शेवटचा १९६७चा आहे, त्यामुळे मॉन्ट्रियलचा एखादा चषक कमी करता आला तर त्या शहरात कोणाला वाईट वाटणार नाही.

याच हिशेबात एक वर्ष असे आहे की जे कोणाच्याही खात्यात जात नाही. १९१९ साली कॅनेडियन्सचा संघ अंतिम मालिकेसाठी सिॲटलला गेला होता. पाच सामने झाले होते. दोन्ही संघांनी दोन-दोन जिंकले होते आणि एक बरोबरीत सुटला होता. तेवढ्यात इन्फ्लुएंझाच्या साथीने कॅनेडियन्सचे बहुतेक खेळाडू अंथरुणाला खिळले. संघाचे व्यवस्थापक जॉर्ज केनेडी यांनी सामना सोडून देण्याची तयारी दाखवली; पण आजाराने पडलेल्या संघाकडून चषक घेणे सिॲटलने नाकारले. निर्णायक सामना झालाच नाही. कॅनेडियन्सचा बचावपटू जो हॉल ५ एप्रिल रोजी सिॲटलमध्येच मरण पावला. पुढे चषकावर त्या वर्षासाठी दोन्ही संघांची नावे आणि मालिका अपूर्ण राहिल्याची नोंद कोरली गेली. पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीत २०२२ साली एकही एकांकिका करंडकास पात्र नाही असा निर्णय परीक्षकांनी दिला आणि त्यावर शहरात किती चर्चा झाली, हे पुणेकर वाचकांना आठवत असेल. तिथे गुणवत्तेचा प्रश्न होता, सिॲटलला जिवाचा होता. पण सन्मान न देण्याचा निर्णयही सन्मानाच्या इतिहासात नोंदवावा लागतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

प्रश्न : मॉन्ट्रियलने बहुतेक चषक जिंकले तेव्हा लीगमध्ये अवघे सहा संघ होते असे वाचनात आले. सहांत पहिला येणे आणि आजच्या बत्तिसांत पहिला येणे यांना एकाच मापाने कसे मोजायचे? (एक संगणक अभियंता, औंध)

उत्तर : प्रश्न रास्त आहे; मात्र त्यातील ‘बहुतेक’ हा शब्द आकड्यांना धरून नाही. लीगमध्ये सहा संघ होते ते १९४२-४३पासून १९६६-६७पर्यंत, म्हणजे पंचवीस हंगाम. या काळात कॅनेडियन्सने १९४४, १९४६, १९५३, १९५६ ते १९६० सलग पाच वेळा, आणि १९६५ व १९६६ असे दहा चषक जिंकले. त्यापूर्वीचे चार आहेत : १९१६, १९२४, १९३० आणि १९३१. उरलेले दहा संघसंख्या वाढल्यानंतरचे आहेत : १९६८, १९६९, १९७१, १९७३, १९७६ ते १९७९ सलग चार, १९८६ आणि १९९३. चोवीसपैकी चौदा चषक सहा संघांच्या काळाबाहेरचे असल्याने ‘बहुतेक’चे पारडे उलट बाजूला झुकते.

आणखी एक गोष्ट पाहावी. सहाच संघ असल्यामुळे चषक आपोआप पदरात पडत असता, तर तो इतरांच्याही पडायला हवा होता. त्या पंचवीस हंगामांत न्यूयॉर्क रेंजर्स आणि बॉस्टन ब्रुइन्स यांना तो एकदाही मिळाला नाही, आणि शिकागोला केवळ १९६१ साली मिळाला. सलग पाच चषकांचा विक्रम तर सहा संघांच्या काळातही दुसऱ्या कोणाला करता आला नाही आणि नंतरही नाही. त्या संघाचे आक्रमण इतके भेदक होते की त्याच्यामुळे नियम बदलावा लागला. पूर्वी किरकोळ नियमभंगासाठी बाहेर बसवलेल्या खेळाडूला पूर्ण दोन मिनिटे बाहेर राहावे लागे, आणि तेवढ्यात कॅनेडियन्स दोन-दोन, तीन-तीन गोल करून मोकळे होत. १९५६-५७च्या हंगामापासून, प्रतिस्पर्ध्याने एक गोल केला की त्या खेळाडूला परत येऊ द्यावे, असा नियम झाला. एखाद्या संघासाठी नियम बदलला जाणे हा कोणत्याही यादीत न मोजला जाणारा सन्मान आहे, असे आमचे मत आहे.

आपल्या शंकेला जिथे खरोखर जागा आहे ते चषक वेगळेच आहेत. १९६७ साली सहाचे बारा संघ झाले तेव्हा सहाही नवे संघ एका विभागात ठेवले गेले आणि त्या विभागाचा विजेता थेट अंतिम मालिकेत येई. १९६८ आणि १९६९ या दोन्ही वर्षी कॅनेडियन्सची गाठ नवख्या सेंट लुईसशी पडली आणि दोन्ही वेळा त्यांनी ४-० असा सरळ विजय मिळवला. काटेकोर हिशेबनीसाने या दोन चषकांचे वजन थोडे कमी धरले तर त्याच्याशी भांडता येणार नाही.

१९७६-७७च्या संघाविषयी मात्र कोणतीही सवलत मागावी लागत नाही. साखळीतील ८० सामन्यांपैकी ६० विजय, १२ बरोबरी आणि केवळ ८ पराभव. त्यांतही स्वतःच्या मैदानावर अख्ख्या हंगामात एकच पराभव. १३२ गुणांचा तो विक्रम शेचाळीस वर्षे टिकला. २०२२-२३मध्ये बॉस्टनने ८२ सामन्यांत १३५ गुण मिळवून तो मोडला आणि लगेच बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात फ्लोरिडाकडून हार पत्करली. मॉन्ट्रियलने मात्र त्या विक्रमी हंगामाची अखेर चषकाने केली होती. त्याच वर्षी गी लाफ्लरला सर्वांत मूल्यवान खेळाडूचा हार्ट करंडक, सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस करंडक आणि बाद फेरीतील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडक मिळाला. लॅरी रॉबिन्सनला सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस, केन ड्रायडन आणि मिशेल लारोक यांना गोलरक्षकाचा व्हेझिना आणि प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांना जॅक ॲडम्स सन्मान मिळाला. एकाच हंगामात एका संघाच्या घरी इतकी मानचिन्हे क्वचितच गेली असतील.

१९९३नंतर कॅनेडियन्सला चषक मिळालेला नाही, आणि २०२५पर्यंत कॅनडातील अन्य कोणत्याही संघालाही नाही.

प्रश्न : संघाच्या सन्मानांची यादी पाहिली. त्यात प्रिन्स ऑफ वेल्स करंडक पुष्कळदा, क्लॅरेन्स कॅम्बेल पात्र एकदा आणि प्रेसिडेंट्स करंडक एकदाही नाही. चोवीस चषक जिंकणाऱ्या संघाला साखळीत पहिला येण्याचा मान कधीच कसा मिळाला नाही? (एक वाचक, निगडी)

उत्तर : मान पुष्कळदा मिळाला, त्या मानाचा करंडक तेव्हा नव्हता. संपूर्ण लीगमध्ये साखळी सामन्यांअखेर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाला प्रेसिडेंट्स करंडक देण्याची प्रथा १९८५-८६मध्ये सुरू झाली. कॅनेडियन्सचे चोवीसपैकी बावीस चषक त्यापूर्वीचे आहेत. तो सुरू झाल्यानंतर १९८८-८९मध्ये मॉन्ट्रियलने ११५ गुण मिळवले खरे, पण कॅल्गरीने ११७ मिळवले आणि पुढे चषकही नेला. या करंडकाला तिकडचे खेळाडू फार किंमत देत नाहीत, हेही सांगायला हवे. साखळीत अव्वल राहून त्याच वर्षी स्टॅनली चषकही जिंकणारा अलीकडचा संघ २०१३चा शिकागो. त्यानंतर २०२५पर्यंत ते कोणालाही साधलेले नाही.

प्रिन्स ऑफ वेल्स करंडकाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि अशा याद्या वाचताना कोठे सावध राहावे हे तिच्यावरून चांगले कळते. पुढे आठवे एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या तत्कालीन युवराजांच्या नावाचा हा करंडक लीगकडे १९२५ साली आला. त्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या नव्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला हॉकी सामना झाला, कॅनेडियन्सने न्यूयॉर्क अमेरिकन्सला ३-१ असे हरवले आणि करंडक त्यांच्या हाती दिला गेला. म्हणजे प्रारंभी तो एका उद्घाटनाच्या सामन्याचा करंडक होता! पुढे तो काही काळ लीगच्या विजेत्याला, मग एका विभागातील अव्वल संघाला, १९३८ ते १९६७ या काळात साखळीत पहिल्या आलेल्या संघाला, त्यानंतर पुन्हा विभागाला आणि १९८१-८२पासून बाद फेरीतून आपल्या गटाच्या वतीने अंतिम मालिकेत जाणाऱ्या संघाला देण्यात येऊ लागला. आज तो पूर्वेकडील गटाच्या विजेत्याला मिळतो. आपल्या यादीत मात्र हे सारे एकाच नावापुढच्या एकाच आकड्यात मिसळून गेलेले आहे. १९५८चा करंडक आणि १९९३चा करंडक यांत धातूखेरीज समान असे फार थोडे आहे. म्हणून ही बेरीज करण्याऐवजी वर्षे पाहावीत, असे आम्ही सुचवू.

क्लॅरेन्स कॅम्बेल पात्र हे पश्चिमेकडील गटाच्या विजेत्यासाठी असते. ते पूर्वेच्या मॉन्ट्रियलकडे कसे गेले, हा प्रश्न आपल्याला पडला असणारच. कोविडमुळे २०२०-२१च्या हंगामात अमेरिका-कॅनडा सीमा ओलांडणे अवघड झाले, म्हणून कॅनडातील सातही संघांचा स्वतंत्र विभाग करण्यात आला आणि नेहमीचे पूर्व-पश्चिम गट त्या वर्षापुरते बाजूला ठेवले गेले. उपान्त्य मालिकेत कॅनेडियन्सने व्हेगासला हरवले, आणि त्या मालिकेच्या विजेत्यासाठी हे पात्र ठरवलेले होते. अंतिम मालिका त्यांनी टँपा बेविरुद्ध गमावली, त्यामुळे त्या हंगामाचे हेच एक मानचिन्ह हाती राहिले.

जुन्या मॉन्ट्रियलकरांना त्यातला योगायोग जाणवल्यावाचून राहिला नसेल. क्लॅरेन्स कॅम्बेल हे लीगचे तेच अध्यक्ष होत, ज्यांनी मार्च १९५५मध्ये मॉरिस रिशार या संघाच्या लाडक्या खेळाडूवर एका सामन्यातील हाणामारीबद्दल उरलेल्या हंगामापुरती आणि बाद फेरीपुरती बंदी घातली होती. बंदीनंतरच्या पहिल्याच सामन्याला कॅम्बेल मॉन्ट्रियलच्या प्रेक्षागृहात येऊन बसले, तेव्हा शहरात दंगल उसळली आणि सामना अर्ध्यावर सोडून द्यावा लागला.

प्रश्न : संघाच्या सन्मानांत खेळाडूंची व्यक्तिगत बक्षिसे धरणे हिशेबाला धरून आहे काय? बँकेत आम्ही ग्राहकाचे आणि शाखेचे खाते कधी एक करत नसू. (एक निवृत्त बँक अधिकारी, सदाशिव पेठ)

उत्तर : तत्त्वतः आपले म्हणणे मान्य आहे. पण हॉकीत ही दोन खाती मुळातच पूर्णपणे वेगळी नव्हती, आणि कॅनेडियन्सच्या बाबतीत तर ती एकमेकांत फारच गुंतलेली आहेत.

उदाहरण व्हेझिना करंडकाचे घेऊ. जॉर्ज व्हेझिना हा कॅनेडियन्सचा गोलरक्षक. १९१०मध्ये संघात आल्यापासून त्याने एकही सामना चुकवला नव्हता. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी सामना चालू असताना तो कोसळला. क्षयाचे निदान झाले आणि पुढच्या मार्चमध्ये त्याचे निधन झाले. संघाच्या तिघा मालकांनी त्याच्या स्मरणार्थ लीगला हा करंडक दिला. ज्या संघाने हंगामात सर्वांत कमी गोल स्वीकारले त्या संघाच्या गोलरक्षकाला तो द्यायचा, असा नियम होता. पहिले तीन हंगाम तो कॅनेडियन्सच्याच जॉर्ज हेन्सवर्थला मिळाला. व्हेझिनाची जागा घेणाऱ्या या खेळाडूने १९२८-२९मध्ये ४४ सामन्यांपैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. पुढे बिल डर्नन आणि झाक प्लाँट यांनी मॉन्ट्रियलकडून खेळताना प्रत्येकी सहा वेळा आणि ड्रायडनने पाच वेळा तो जिंकला.

आता गोल कमी होणे हे एकट्या गोलरक्षकाचे कर्तृत्व असते काय? समोर डग हार्व्हीसारखा, मॉन्ट्रियलकडून सहा वेळा नॉरिस करंडक मिळवणारा बचावपटू उभा असेल तर गोलरक्षकाचे निम्मे काम तोच करतो. म्हणजे नाव व्यक्तीचे आणि मोजमाप संघाचे, असा हा करंडक होता. लीगलाही ही विसंगती उशिरा का होईना जाणवली. १९८१-८२पासून व्हेझिना करंडक संघांच्या सरव्यवस्थापकांच्या मतांवर दिला जाऊ लागला आणि कमी गोलांचा निकष विल्यम जेनिंग्ज या नव्या करंडकाकडे गेला. त्या नव्या करंडकाचे पहिले मानकरीही मॉन्ट्रियलचेच दोन गोलरक्षक होते, हे ओघाने आलेच. तेव्हा आपल्या भाषेत सांगायचे तर १९८१पर्यंतचा व्हेझिना निःशंकपणे शाखेच्या खात्यात जमा करावा, त्यानंतरचा ग्राहकाच्या.

हार्ट करंडकाचे नातेही घरचेच आहे. तो १९२३ साली डॉ. डेव्हिड हार्ट यांनी दिला. त्यांचे चिरंजीव सेसिल हार्ट यांच्या प्रशिक्षणाखाली कॅनेडियन्सने १९३० आणि १९३१चे चषक जिंकले. बचावाची जबाबदारी उत्तम पार पाडणाऱ्या आघाडीच्या खेळाडूसाठीचा फ्रँक सेल्की करंडक संघाच्या एका माजी सरव्यवस्थापकाच्या नावाचा आहे आणि १९७८ ते १९८१ असा पहिली चार वर्षे तो बॉब गेनीलाच मिळाला. कॉन स्माइथ हे तर टोरंटो संघाचे सर्वेसर्वा. पण त्यांच्या नावाच्या सन्मानाचा १९६५मधील पहिला मानकरी मॉन्ट्रियलचा कर्णधार झाँ बेलिव्हो ठरला. १९७१ साली ड्रायडन साखळीतील केवळ सहा सामने खेळून बाद फेरीत उतरला, त्याने चषक जिंकून दिला आणि कॉन स्माइथ मिळवला. सर्वोत्तम नवोदिताचा काल्डर करंडक त्याला त्यानंतरच्या वर्षी मिळाला. काल्डर करंडक पुन्हा मॉन्ट्रियलला यायला २०२५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लेन हटसन या बचावपटूने साठ गोलांना साहाय्य करून तो पटकावला.

व्यक्ती आणि संघ यांच्या खात्यांची टक्कर कशी होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आर्ट रॉस करंडकाचे आहे. तो गोल आणि गोलसाहाय्य मिळून सर्वाधिक गुण करणाऱ्याला मिळतो. १९५५ साली रिशार आघाडीवर होता. तेवढ्यात वर सांगितलेली बंदी आली. उरलेल्या सामन्यांत त्याचाच सहकारी बर्नी जेफ्रियन ७५ गुणांवर पोहोचला आणि रिशार ७४वर राहिला. करंडक संघातच राहिला, पण स्वतःच्या खेळाडूने तो मिळवल्याबद्दल मॉन्ट्रियलच्या प्रेक्षकांनी जेफ्रियनची हुर्यो उडवली. रिशारला तो कधीच मिळाला नाही. तीन वर्षांनी डिकी मूर मनगटाचे हाड मोडलेले असताना याच शर्यतीत पुढे होता आणि त्याच्या मागे होता मॉरिसचा धाकटा भाऊ आंरी रिशार. आपण खेळत राहिल्याने आंरीवर अन्याय तर होत नाही ना, हे मूरने आधी प्रशिक्षक आणि सहकारी यांना विचारले. सर्वांनी खेळ म्हटल्यावर तो हाताला प्लास्टर घालून खेळला आणि करंडक जिंकला. आमच्या मते या संघाचा खरा सन्मान मूरच्या त्या विचारणेत आहे. पण तो कोणत्या खात्यात लिहायचा हे आपणच सांगावे.

१९९८-९९मध्ये कॅनेडियन्सने हंगामात सर्वाधिक गोल करणाऱ्यासाठी मॉरिस रिशार करंडक लीगला दिला. २०२५पर्यंतच्या त्याच्या मानकऱ्यांत मॉन्ट्रियलचा एकही खेळाडू नाही.

प्रश्न : स्टॅनली चषकावर विजेत्यांची नावे कायमची कोरली जातात हे खरे आहे का? आणि तो संघाकडेच राहतो का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, फर्ग्युसन रस्ता)

उत्तर : नावे कोरली जातात, पण कायमची नव्हे, आणि चषक फिरता असल्याने तो कोणाकडेच राहत नाही. विजेत्या संघातील प्रत्येकाला उन्हाळ्यात तो एक दिवस आपल्या गावी नेता येतो, सोबत हॉकीच्या सन्मान-संग्रहालयाचा रक्षक असतो. पूर्वी इतकी शिस्त नव्हती. १९२४च्या विजयानंतर कॅनेडियन्सची मंडळी मोटारीतून समारंभाला निघाली असता वाटेत चाक पंक्चर झाले, ते बदलण्यासाठी चषक रस्त्याच्या कडेला ठेवला आणि तसाच विसरून सगळे पुढे गेले, असे सांगितले जाते. परत आले तेव्हा तो जागच्या जागी होता.

चषकाच्या खालच्या भागात चांदीच्या पाच रुंद पट्ट्या असतात आणि एका पट्टीवर साधारणपणे तेरा वर्षांचे विजेते मावतात. पाचही भरल्या की सर्वांत जुनी पट्टी काढून टोरंटोच्या संग्रहालयात ठेवतात, बाकीच्या वर सरकवतात आणि तळाशी नवी बसवतात. त्यामुळे चषकाची उंची वाढत नाही. या पद्धतीनुसार २०१८ साली १९५४ ते १९६५ या वर्षांची पट्टी उतरवली गेली. सलग पाच चषकांचा विक्रम तिच्यावरच होता. आठ वेळा चषक जिंकणाऱ्या मॉरिस रिशारचे नाव आज विजेते डोक्यावर धरून मिरवतात त्या चषकावर राहिलेले नाही. ते पाहायचे तर संग्रहालयात जावे लागते. आंरी रिशारने खेळाडू म्हणून अकरा चषक जिंकले, तो विक्रम आजही अबाधित आहे. त्याच्या १९६६पासूनच्या विजयांची नोंद अजून चषकावर आहे, पण पुढची पट्टी उतरेल तेव्हा तीही जाईल.

लॉर्ड स्टॅनलींनी दिलेले मूळ पात्र फार झिजल्याने तेही संग्रहालयातच जपून ठेवले आहे. हातोहात फिरतो तो १९६०च्या दशकात मॉन्ट्रियलच्या एका चांदीकाम करणाऱ्या कारागिराने घडवलेला अधिकृत चषक.

प्रश्न : खेळाडूचा क्रमांक ‘निवृत्त’ करणे म्हणजे काय, आणि कॅनेडियन्सने असे किती क्रमांक निवृत्त केले आहेत? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : तो क्रमांक पुन्हा कोणत्याही खेळाडूच्या पाठीवर येणार नाही, असे संघाने जाहीर करणे, म्हणजे क्रमांक निवृत्त करणे. हा सन्मान लीग देत नाही, संघ स्वतः देतो. कॅनेडियन्समध्ये पहिला मान हाउई मोरेन्झच्या सात क्रमांकाला मिळाला. तीन वेळा हार्ट करंडक जिंकणारा हा खेळाडू जानेवारी १९३७मध्ये सामन्यात पाय मोडून रुग्णालयात गेला आणि मार्चमध्ये तेथेच त्याचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्रमांक निवृत्त करण्यात आला. चार क्रमांक बेलिव्होचा. खेळाडू म्हणून दहा चषक जिंकणाऱ्या या माणसाला १९९४ साली कॅनडाचे गव्हर्नर जनरलपद, म्हणजे लॉर्ड स्टॅनलींचेच पद, देऊ करण्यात आले होते आणि कौटुंबिक कारणासाठी त्याने ते नाकारले.

आजवर अठरा खेळाडूंसाठी पंधरा क्रमांक निवृत्त झाले आहेत. पाच, बारा आणि सोळा हे प्रत्येकी दोघांच्या नावे आहेत. संघात नव्याने येणाऱ्या खेळाडूला एक ते दहा या अंकांमधून निवडायचे झाले तर आता फक्त सहा आणि आठ उरले आहेत.